साथ ओसरली, धास्ती राहिली

देवळाली कॅम्पात तोफांच्या आवाजाने कोणी दचकत नाही. स्कूल ऑफ आर्टिलरीचा सराव सुरू झाला की खिडक्यांची तावदानं थरथरतात. बाहेरगावचा पाहुणा हातातला कप खाली ठेवून विचारतो, ‘काय झालं?’ आणि घरातलं लहान पोर त्याला सांगतं, ‘काही नाही, फायरिंग चाललंय.’ पण रात्री लॅम रोडवरून रुग्णवाहिका भोंगा वाजवत गेली, तर आजही कित्येक घरांत कोणीतरी अंथरुणात उठून बसतं. छाती धडधडते, घशाला कोरड पडते आणि कोविडच्या साथीतला २०२१ सालचा एप्रिल डोळ्यांसमोर उभा राहतो. आवाजच मोजायचा तर तोफेचा कितीतरी मोठा. पण त्या आवाजासोबत आपल्यावर कधी काही ओढवलेलं नाही. भोंग्यासोबत ओढवलं होतं, आणि मनाने ते नोंदवून ठेवलं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविडला महासाथ म्हटलं आणि ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. साथीच्या पहिल्याच वर्षात जगभरात चिंता आणि नैराश्य यांचं प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्याचंही याच संघटनेने सांगितलं. ज्यांना प्रत्यक्ष आजार झाला त्यांचं पाहा. अमेरिकेतल्या सव्वादोन लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा कोविडनंतरच्या सहा महिन्यांत जवळपास एक तृतीयांश जणांमध्ये मेंदूशी किंवा मनाशी संबंधित एखाद्या आजाराचं निदान झालेलं आढळलं. त्यात चिंतेचे आजार बरेच होते. म्हणजे कोविड होऊन गेल्यापासून तुम्हाला झोप नीट लागत नसेल, विसरायला होत असेल, उगाच रडू येत असेल, तर तो तुमचा हळवेपणा नाही. त्यावर उपाय आहेत. बरेचसे घरच्या घरी करता येतात. जे घरी होत नाहीत, त्यांच्यासाठी डॉक्टरकडे जायचं असतं. ताप अंगावर काढू नये, तसंच हेही अंगावर काढू नये.

आधी त्या काळात मनाला नेमकं काय झालं ते पाहू, कारण उपाय त्यातूनच सुचतात. २४ मार्च २०२० च्या रात्री २१ दिवसांची टाळेबंदी जाहीर झाली. माणसाने मनाशी २१ दिवस मोजले. मग तारीख ३ मेवर गेली, मग १७ मेवर, मग ३१ मेवर. सोसण्याची ताकद आपण मुदत बघून बांधतो, आणि मुदतच सरकत राहिली की ती ताकद विरते. आपल्या कॅम्पाला हे जुनं आहे. ब्रिटिशांच्या काळात नोकरीची मुदत संपलेल्या गोऱ्या शिपायांना मायदेशी धाडण्यासाठी इथल्या छावणीत आणून ठेवत. जहाजं हिवाळ्याच्या महिन्यांतच सुटत. ज्याची मुदत नको त्या महिन्यात संपली, तो काम नाही, कवायत नाही अशा स्थितीत महिनोन्‌महिने इथे ताटकळत राही. लढाईतून धड परत आलेली माणसं इथे रिकामपणाने खचत, दारूला लागत, भ्रमिष्टासारखी वागू लागत. त्यांच्यावर इथे कोणी गोळी झाडत नव्हतं. त्रास होता तो फक्त ‘कधी?’ या प्रश्नाचा.

याच गावात त्यावरचा उताराही आहे. कोरड्या, थंड हवेसाठी मुंबईकर इथे आजारातून उठायला येत. रेस्ट कॅम्प रोड, लॅम रोड या भागात वेगवेगळ्या समाजांची आरोग्यभुवनं त्यासाठीच उभी राहिली. क्षयावर औषध नव्हतं तेव्हा आरोग्यभुवनांतला उपचार म्हणजे दिवसाची आखणी: ठरल्या वेळी उठणं, उन्हात बसणं, जेवण, विश्रांती, झेपेल एवढी रपेट. त्याने जंतू मरत नव्हते, पण रुग्णाला पुढचे चार तास काय करायचं हे ठाऊक असे. अनिश्चित काळात ही गोष्ट आजही सर्वांत जास्त उपयोगी पडते. साथ असो, नोकरी गेलेली असो, घरात दीर्घ आजार असो, महिन्याचा विचार बाजूला ठेवा आणि आजचा दिवस आखा. त्यात तीन गोष्टींशी तडजोड करू नका. उठायची वेळ ठरलेली हवी, मग रात्री झोप लागो वा न लागो. सकाळी अर्धा तास तरी उघड्यावर चालायचं. खंडोबा टेकडी चढणं जमत नसेल तर घरासमोरच्या रस्त्यावर, पण उजेडात. आणि दिवसातलं एक काम असं असावं की जे संध्याकाळी झालेलं दिसेल: कपाटाचा एक कप्पा, चार कुंड्या, एका थकलेल्या बिलाचा भरणा. ‘काही करावंसंच वाटत नाही’ असं म्हणणाऱ्याला वाटेपर्यंत थांबायला सांगू नका. खिन्न माणसात उत्साह आधी येत नाही, हालचालीच्या मागून येतो.

आता धास्तीबद्दल. माझ्या पाहण्यात अशी घरं आहेत जिथे ऑक्सिमीटर अजून उशाशी असतो. जरा दम लागला, जिना चढून आलं, की बोट त्यात जातं. ९८ आकडा दिसला की हायसं वाटतं आणि तासाभरात पुन्हा शंका येते. हात धुणं, दाराच्या कड्या पुसणं, गर्दीच्या लग्नाला न जाणं, कोणी खोकलं की डबा बदलणं, या सगळ्यांची घडण तीच. त्या काळात या सवयींनी जीव वाचवले, म्हणून त्यांना हसू नका. पण शंका आली, तपासलं, हायसं वाटलं, हे चक्र जितकं फिरवाल तितकी शंका बळावते. ते मोडायचं तर पायरीपायरीने मोडा. ऑक्सिमीटर घरातल्या दुसऱ्या कोणाच्या ताब्यात द्या आणि ताप किंवा खोकला असेल तरच तो मागायचा असं ठरवा. पहिले काही दिवस चुळबुळ होईल. ती अर्धा-पाऊण तास टिकते आणि काहीही न तपासता आपोआप उतरते. हा अनुभव दहा वेळा आला की मन त्यावर विश्वास ठेवू लागतं. बाजाराचंही तसंच करा: आधी दुपारी रिकाम्या वेळी एका दुकानात, मग दोन दुकानांत, मग संध्याकाळच्या गर्दीत.

धडधड सुरू झालीच, तर बसा. पाय जमिनीला टेकवा. चार आकडे मनात मोजत नाकाने श्वास घ्या आणि सहा ते आठ आकडे मोजत तोंडाने सावकाश सोडा. सोडणं हे घेण्यापेक्षा लांब हवं, कारण त्यानेच हृदयाची गती उतरते. पाच मिनिटं करा. हे रोज शांत असताना करून ठेवलेलं असेल तरच अडचणीच्या वेळी कामाला येतं. इथे एक सावधगिरी सांगतो: छातीत दुखणं, दरदरून घाम, डाव्या हातात कळ असं पहिल्यांदा होत असेल, तर ‘टेन्शन असेल’ म्हणून घरी बसू नका. आधी दवाखाना, ईसीजी. हृदय ठीक आहे हे डॉक्टरांनी सांगितल्यावरच त्याला भीतीचा झटका म्हणायचं.

बातम्यांना दिवसातून दोन वेळा द्या, आणि रात्री जेवणानंतर नको. चिंतांनाही वेळ द्या. ऐकायला विचित्र वाटेल, पण हे मानसोपचारात रुळलेलं तंत्र आहे. संध्याकाळची वीस मिनिटं ठरवा, वही घ्या आणि जे जे छळतं ते लिहून काढा. रात्री दोन वाजता तोच विचार आला, की त्याला उद्याच्या संध्याकाळवर ढकला. लिहिलेल्यातलं जे आपल्या हातात आहे, त्यापुढे पुढची एक कृती लिहा. जे नाही, त्यापुढे काहीच लिहू नका.

दुःखाबद्दल मात्र मला जरा थांबून लिहायचं आहे, कारण साथीतलं सर्वांत खोल दुखणं ते आहे आणि त्याबद्दल आपण सर्वांत कमी बोलतो. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि पुरवठा तुटून त्या दिवशी किमान २२ रुग्ण दगावले. ती बातमी देशभर गेली. पण त्या दिवसांत रोज, बातमी न होता, कितीतरी माणसं गेली आणि त्यांच्या घरच्यांना चेहरासुद्धा दिसला नाही. एक फोन आला, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला देह लांबून दाखवला, अमरधामला दोघातिघांनाच सोडलं. ज्या रामकुंडावर सगळ्या महाराष्ट्रातून लोक अस्थी घेऊन येतात, त्याच्यापासून तासाभरावर राहणाऱ्या माणसांना आपल्या माणसाचा दहावा धड करता आला नाही. खांदा नाही, गळ्यात पडून रडणं नाही, दारात चपलांची गर्दी नाही, शेजारच्या घरून आलेला पिठलं-भाताचा डबा नाही. हे विधी कशासाठी असतात ते त्या वेळी कळलं. गेलेला माणूस खरंच गेला, हे मनाला पटवण्याचं काम ते तेरा दिवस करतात. ते दिवस मिळाले नाहीत म्हणून कित्येकांच्या मनाने ते मान्यच केलेलं नाही.

माझ्या ओळखीच्या एका वहिनींकडे रुग्णालयातून परत आलेली नवऱ्याच्या सामानाची पिशवी होती. तोंडाला गाठ मारलेली, वर चिकटपट्टीवर खाटेचा क्रमांक. ती त्यांनी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली आणि तीन वर्षं तिला हात लावला नाही. कपाट उघडताना वर बघायच्या नाहीत. शेवटी पितृपक्षात नणंदेला बोलावलं आणि दोघींनी मिळून गाठ सोडली. आत चष्मा, मोबाइलचा चार्जर, ग्लुकोज बिस्किटांचा अर्धा पुडा आणि घरून पाठवलेला टॉवेल होता. घडी न मोडलेला. टॉवेल वापरलासुद्धा नाही म्हणून त्या रडल्या, ते तीन वर्षांचं रडणं होतं. दुसऱ्या आठवड्यात दोघी रामकुंडावर जाऊन राहिलेला विधी करून आल्या. त्यानंतर सगळं ठीक झालं असं नाही. पण त्या नवऱ्याबद्दल बोलू लागल्या. तोवर त्यांच्या बोलण्यात तो विषयच येत नसे.

तुमच्या घरात अशी बंद पिशवी असेल, ती खरोखरची असो वा मनातली, तर ती एकट्याने उघडू नका, पण उघडा. राहून गेलेला विधी आज केला तरी चालतो. ज्यांची विधींवर श्रद्धा नाही त्यांनी माणसं बोलवावीत, फोटो लावावा, प्रत्येकाने गेलेल्याची एक आठवण सांगावी, त्याच्या आवडीचं जेवण करावं. आजारपणाचे ते दिवस पहिल्यापासून शेवटपर्यंत कोणाला तरी एकदा सलग सांगणंही फार मोलाचं असतं. ऐकणाऱ्याने मध्ये ‘जाऊ दे, विसर आता’ म्हणू नये, ‘देवाच्या मनात होतं’ असंही म्हणू नये. नुसतं ‘मग?’ एवढं विचारावं.

अपराधीपणाचं काय? ‘मीच बाहेरून आजार आणला’, ‘एक दिवस आधी ॲडमिट केलं असतं तर’, ‘दुसऱ्या हॉस्पिटलला नेलं असतं तर’. हे शल्य तर्काने जात नाही, पण एक प्रश्न स्वतःला विचारून पाहा: त्या दिवशी मला जेवढं माहीत होतं, जेवढ्या खाटा मोकळ्या होत्या, जेवढे पैसे हाताशी होते, तेवढ्यात मी काय केलं? उत्तर कागदावर लिहा आणि विश्वासातल्या माणसाला वाचून दाखवा. मनातल्या मनात हा खटला चालवलात तर त्याचा निकाल कधीच लागत नाही. आणि सहा महिने-वर्ष उलटूनही गेलेल्या माणसाची ओढ रोज तशीच जाळत असेल, कामाधामातून मन उठलं असेल, तर त्याला वैद्यकशास्त्रात आता लांबलेल्या शोकाचा आजार म्हणून स्वतंत्र स्थान आहे. त्यावर नेमका समुपदेशनाचा उपचार असतो, हे माहीत असू द्या.

मुलांबाबत मोठ्यांची एक चूक सार्वत्रिक झाली: त्यांना काही सांगितलं नाही. साथीत मुलांचं काय होतं, याचं जुनं उदाहरण शेजारीच आहे, कॅम्पाला लागून असलेल्या भगूरचं. १८९९ साली तिथे दामोदरपंत सावरकर प्लेगने गेले आणि विनायकसह त्यांची मुलं गाव सोडून नाशिकला आली. माणूस आणि घर एकाच तडाख्यात जाणं हे साथीत मुलांच्या वाट्याला नेहमीच आलं आहे. कोविडमध्ये आई किंवा वडील गमावलेली कित्येक मुलं आता दहावी-बारावीला आहेत. ‘बाबा गावाला गेलेत’ असं त्या वेळी सांगितलं असेल, तर आता बसून खरं सांगा, आणि ‘तुझ्यामुळे काही झालं नाही’ हे वाक्य मुद्दाम उच्चारा. मुलं बोलत नाहीत, पण हा प्रश्न त्यांच्या मनात असतो. शहरांतल्या आठवी ते बारावीच्या शाळासुद्धा ४ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा उघडल्या, म्हणजे पहिल्या टाळेबंदीनंतर दीड वर्षाने. त्या वयात मैत्री करायला, भांडायला, मिटवायला मुलं शिकतात. ते राहून गेलेल्या मुलाला मोबाइलवरून रागावण्यापेक्षा संध्याकाळी मैदानावर चार पोरांत सोडून येणं जास्त कामाचं. पोटात दुखतं म्हणून शाळा बुडवणाऱ्याला एकदा डॉक्टरांना दाखवा, आणि पोटात काही निघालं नाही तर शिक्षकांशी बोला.

कॅम्पातल्या मोठ्या बंगल्यांत आजी-आजोबा दोघंच राहतात, मुलं पुण्यात, मुंबईत, परदेशात. त्यांच्यासाठी एवढंच: आठवड्यातून एकदा लांबलचक व्हिडिओ कॉल करण्यापेक्षा रोज ठरल्या वेळी पाच मिनिटांचा फोन करा. आणि शेजाऱ्यांनी दुधाची पिशवी दारातच दिसली तर बेल वाजवावी.

पैशाची चिंता ही मनाच्या आजारांची मोठी खाण आहे, आणि तिच्यावर श्वासाचे व्यायाम पुरत नाहीत. २०२० ची टाळेबंदी ऐन द्राक्षाच्या हंगामात आली. माल वेलींवर, ट्रक नाहीत, बाजार बंद. ७ ऑगस्ट २०२० ला आपल्या देवळाली स्टेशनातून देशातली पहिली किसान रेल दानापूरला गेली, तेव्हा कुठे शेतमालाला थोडा मार्ग मोकळा झाला, पण तोवर कर्ज चढलं होतं. कर्जाचा आकडा घरातल्या एकाच माणसाच्या डोक्यात राहिला की तो त्याला पोखरतो. सगळी देणी एका कागदावर काढून बायकोसमोर, मोठ्या मुलासमोर ठेवा आणि बँकेत हप्त्यांची फेररचना मागा. लाज वाटते, पण ती एकदाच वाटते. कोविडमध्ये पती गमावलेल्या भगिनींसाठी राज्याने २०२१ मध्ये ‘मिशन वात्सल्य’ सुरू केलं होतं. कागद अर्धवट राहिले असतील तर तहसील कार्यालयात किंवा महिला व बालविकास विभागात चौकशी करा, आणि सोबत कोणाला तरी घेऊन जा.

मग डॉक्टरकडे कधी जायचं? उदासी, चिडचिड किंवा कशातच रस न वाटणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, झोप किंवा भूक पार बिघडली, कामावर किंवा स्वयंपाकघरात नेहमीची कामं उरकेनाशी झाली, दारू वाढली, किंवा ‘जगून काय करायचं’ असं बोलणं सुरू झालं, यातलं एक जरी असेल तर वाट बघू नका. निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत दिसलं होतं की निरनिराळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपर्यंत पोहोचतच नाहीत. हे कोविडच्या आधीचं चित्र.

मरणाचे विचार बोलून दाखवणाऱ्याला सरळ विचारा: ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट ओझं हलकं होतं. त्याला एकटं सोडू नका. फवारणीची औषधं आणि गोळ्यांचा साठा कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. पोलिसांच्या भीतीने प्रयत्न लपवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरलं जातं आणि त्याच्यावर खटला भरला जात नाही. ‘टेलि-मानस’ या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत, मराठीतही चालतो. तो आत्ताच घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये साठवा. जीव धोक्यात असेल तर ११२.

जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. तिथला खर्च नगण्य असतो. माजी सैनिकांना त्यांच्या ईसीएचएस या आरोग्ययोजनेतून मानसोपचारतज्ज्ञाकडे चिठ्ठी मिळते. सरळ मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला पाय अडखळत असतील तर आपल्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरपासून सुरुवात करा, मात्र त्यांना ‘ॲसिडिटी आहे, अंग दुखतं’ एवढंच सांगून परत येऊ नका.

गोळ्यांची भीती बाळगू नका, पण त्यांची माहिती हवी. नैराश्यावरच्या औषधांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, अस्वस्थपणा वाटू शकतो, म्हणून ‘सोसत नाही’ म्हणत बंद करू नका, डॉक्टरांना फोन करा. या औषधांचं व्यसन लागत नाही. बरं वाटलं तरी ती एकदम थांबवायची नसतात, डॉक्टर हळूहळू उतरवतात. सवय लागते ती झोपेच्या आणि अल्प्राझोलमसारख्या गोळ्यांची, आणि नेमक्या त्याच आपण कोणाच्या तरी जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून आणून वर्षानुवर्षं घेत असतो. असं चालू असेल तर त्याही एकाएकी बंद करू नका. डॉक्टरांना खरं सांगा.

पहिल्या भेटीला जाताना घरातलं एक माणूस सोबत न्या, पण थोडा वेळ डॉक्टरांशी एकट्यानेही बोला. त्रास कधी सुरू झाला, झोप किती वाजता लागते आणि किती वाजता मोडते, कोविड कधी झाला होता, घरात कोण गेलं, दारू-तंबाखू किती, हे आदल्या रात्री कागदावर लिहून ठेवा, कारण समोर बसल्यावर आठवत नाही. चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं पिशवीत घाला, रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्यासुद्धा. निघण्यापूर्वी पुढची तारीख विचारून घ्या.